चुकांची नावं

त्या वर्षी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. शिवारात ऊसच नव्हता, तर गाळणार काय? आमचे मालक त्या सहकारी साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. दरवर्षी दसऱ्याच्या पुढं-मागं त्यांना बोलावणं यायचं, त्या वर्षी आलं नाही. तरी ते सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचे आणि जेवायची वेळ झाली की आत यायचे. शर्ट चुरगळू नये म्हणून भिंतीला टेकायचेसुद्धा नाहीत.

गावातली ऊसतोडीची माणसं कोयते घेऊन लांबच्या कारखान्यांकडं निघून गेली होती. मागं राहिली म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि आमच्यासारखी काही घरं, ज्यांना कोयता धरायची सवय नव्हती आणि दुसरं काम हाताला नव्हतं.

मी गावातल्या बायकांच्या दूध संस्थेची सचिव होते. जनावरं चारा छावणीत गेली तसं दूध आटलं, कॅन अर्धे जायला लागले आणि शेवटी दुधाची गाडीच यायची बंद झाली. संस्था ठेवायची की मोडायची यावर तालुक्याला सुनावणी निघाली. आमच्या बायकांच्या वतीनं मी बोलायला उभी राहिले. दोन वाक्यं झाली नव्हती, तोच समोरचा वकील म्हणाला, "बाई, तुम्हाला कायद्यातलं काही कळत नाही. तेव्हा तुमचं म्हणणं चुकीचं आहे हे उघडच आहे." सुनावणी घेणारे साहेब हसले. दारातला शिपाईसुद्धा हसला. त्या वाक्यात काहीतरी खोट होती. भातात खडा लागावा तशी ती मला लागत होती, पण बोट ठेवून दाखवता येईना. मी खाली बसले. परतीच्या एसटीत सोबतच्या बायका माझ्याशी फार जपून बोलल्या आणि त्यानंच मला जास्त लाजल्यासारखं झालं.

घरी पोचायच्या आत मी ठरवलं होतं की वकिली शिकायची. बी.ए. लग्नाआधीच झालं होतं. प्रवेशासाठी परीक्षा असते आणि तिच्यात एक भाग तर्काचा असतो, एवढं ऐकून माहीत होतं. मालक लगेच "शीक की" म्हणाले. आपण घरी बसलोय, मग हिला नाही कसं म्हणायचं, असा काहीसा ओशाळेपणा त्या होकारात होता.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्यांनी सूप हातातून खाली ठेवलं नाही. ज्वारी पाखडता पाखडताच म्हणाल्या, "ल्योक घरी बसलाय अन् सून दप्तर घेऊन शाळंला निघाली. गावाला तेवढंच पायजे. पास झालीस तर मी सोता पेढे वाटीन. पर नापास झालीस तर? दोन लेकरांची आई नापास झाली, हे मला टँकरवर ऐकायचं न्हाई. कुणाला सांगायचं न्हाई म्हंजे न्हाई."

मी कबूल झाले. खरं तर मला सुटल्यासारखंच झालं. नापास व्हायची भीती त्यांच्यापेक्षा मला जास्त होती.

क्लास अंबाजोगाईला होता. पहिल्या दिवशी मी फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते, आत्या सोबत आल्या होत्या. तेवढ्यात शेजारच्या काकू शेळ्या हाकत तिकडून आल्या. काकूंची आमची भिंत एक. साठीच्या असतील. त्यांची मुलं-सुना ऊसतोडीला गेलेली, घरी त्या आणि त्यांच्या शेळ्या. त्यांनी माझ्या हातातली प्लॅस्टिकची फाइल बघितली.

"कुठं निघाली गं सकाळी सकाळी?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलल्या, "अंबाजोगाईला. दवाखान्यात."

"मोठ्या दवाखान्यात?" काकूंचा चेहरा उतरला. "काय होतंय गं तुला?"

"तपासायचं हाय अजून," आत्या म्हणाल्या आणि एसटी आली.

गाडीत बसल्यावर मला हसू आलं होतं, हेही सांगायला हवं. आत्यांनी काय सफाईनं थाप मारली, असं वाटलं. आमच्या भागात अंबाजोगाईला जाणारं माणूस एक तर शिकायला जातं नाही तर दवाखान्यात. माझ्या वयाची बाई शिकायला जात नाही. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

क्लास एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. सगळी पोरं-पोरी विशी-बाविशीची. मी शेवटच्या बाकावर भिंतीकडेला बसायचे. सर माझ्याहून लहान होते. पुण्यात काही वर्षं मोठ्या परीक्षा देऊन परत आलेले. ते मला मॅडम म्हणायचे आणि ते म्हणाले की पोरं मागं वळून बघायची.

तर्काच्या भागात एक लहानसा उतारा द्यायचे. कुणीतरी काहीतरी सांगतं आणि शेवटी 'म्हणून' असं म्हणून निष्कर्ष काढतं. त्यात चूक कोणत्या जातीची, ते चार पर्यायांतून ओळखायचं. पुस्तकातली नावं जड होती, म्हणून सरांनी आपली नावं पाडली होती. एकामागून दुसरं घडलं म्हणून पहिल्यामुळंच दुसरं झालं असं धरलं, तर ती 'कावळा-फांदी'. कारण, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. म्हणण्याला उत्तर द्यायचं सोडून म्हणणाऱ्यावर जायचं, ते 'माणसावर घसरणं'. एकदोन उदाहरणं बघून सगळ्यांवर शिक्का मारायचा, ते 'एक शीत'. हे शेवटचं सांगताना सर म्हणाले होते, "शितावरून भाताची परीक्षा होते. पण पातेलं एकच असेल तर. गावजेवणाच्या सगळ्या पातेल्यांची नाही होत."

'माणसावर घसरणं' शिकवलं त्या दिवशी मला सुनावणीतला वकील आठवला. खड्याला नाव मिळालं होतं. त्या आनंदात मी पुढच्याच प्रश्नाला हात वर केला. आजवर केला नव्हता.

सरांनी उतारा वाचला होता: ज्या गावात सहकारी संस्था नीट चालते, त्या गावात भांडणं कमी असतात. अमुक गावात भांडणं कमी आहेत. म्हणून तिथली संस्था नीट चालत असणार.

"यात काही चूक नाही सर," मी म्हणाले. "आमच्या शेजारच्या गावाचं तंतोतंत असंच आहे. तिथली दूध संस्था चांगली चालते आणि भांडणंही नाहीत."

खोली हसली. सर हसले नाहीत, पण त्यांनी खडू हातात फिरवला. "मॅडम, ते खरं आहे का, हे विचारलेलंच नाही. यातून ते निघतं का, एवढंच विचारलंय. सगळे भांडणारे लोक ऊसतोडीला गेले म्हणूनही गाव शांत असेल." पुढच्या बाकावरची एक पोरगी वळून माझ्याकडं बघत राहिली, आपल्या आईची चूक व्हावी तशी. मी फाइल उघडून तिच्यात तोंड घातलं. परिणाम दिसला की उलटं जाऊन त्याचं ठरलेलं कारण असणारच असं धरायचं, या चुकीला सर 'उलटी वाट' म्हणायचे. ती मला शेवटपर्यंत नीट जमली नाही.

पण हळूहळू कान तयार झाला. एसटीत, पारावर, टीव्हीवर माणसं बोलली की मनात चूक कोणत्या जातीची ते ठरायला लागलं. दुपारी मी भाकरी थापायचे आणि मालक चुलीपाशी पाटावर बसून मला उतारे वाचून दाखवायचे. त्यांनाही गोडी लागली होती. "ही कावळा-फांदी," मी म्हणायचे. ते मागचं पान उघडून उत्तर बघायचे. "न्हाई. उलटी वाट हाय ही." आणि मग खाली बघत म्हणायचे, "पर आता ती भाकर उलट, करपायली."

आणि गावात मी आजारी पडत चालले होते.

टँकर एक दिवसाआड यायचा, तोही नेमका कधी ते सांगता यायचं नाही. आला की हंडे, घागरी, डबे घेऊन सगळ्या पळायच्या, रेटारेटी व्हायची, शिव्या व्हायच्या. क्लास सुरू होऊन काही आठवडे झाले असतील. मी घागर घेऊन गेले, तर काकूंनी माझ्या हातातून ती काढून घेतली.

"तुला जड उचलायचं न्हाई," त्या म्हणाल्या. आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना, "अगं ए, हिला पुढं येऊ द्या. दवाखाना चालू हाय हिचा."

मला वाटलं कुणीतरी भांडेल. कुणी भांडलं नाही. बायका बाजूला सरकल्या. ज्या बायका एका घागरीसाठी एकमेकींच्या केसाला हात घालायच्या, त्यांनी मला वाट करून दिली. एक कडेवर लेकरू घेतलेली तरणी बाई नळीच्या अगदी जवळ पोचली होती. ती म्हणाली, "भरा ताई तुमी आदी." मी भरलं. काय करणार होते? तिथं सगळ्यांच्या समोर म्हणणार होते का, की मी वर्गात जाते आणि सोपे प्रश्न चुकवते?

घरी येऊन आत्यांना सांगितलं. त्यांनाही ते बरं वाटलं नाही, पण बोललेला शब्द त्यांना मागं घेता येईना. "परीक्षा होऊस्तवर दम धर," म्हणाल्या.

पुढं गोष्ट वाढतच गेली. अभ्यासानं माझे डोळे ओढलेले दिसायचे, बायका म्हणायच्या औषधं कडक असतील. उन्हाळ्यानं नि धावपळीनं मी वाळले होते, त्या म्हणायच्या रोग आत पसरलाय. एकदा मी क्लासहून हसत उतरले, तर रिपोर्ट चांगला आला असं ठरलं. आजारी माणूस दवाखान्यात जातं, ही दवाखान्याच्या गावाला जाते, म्हणून ही आजारी. हे मला घरबसल्या मिळालेलं 'उलटी वाट'चं उदाहरण होतं. मी मनातल्या मनात त्यांच्या बोलण्याला नावं लावत राहायचे. नावं लावली की थोडा वेळ आपण वेगळ्या, शहाण्या आहोत असं वाटायचं. मग दारात काकू शेळीच्या दुधाचा तांब्या घेऊन उभ्या असायच्या. "पी. अंगाला लागतं." तो तांब्या मी परत करू शकले नाही, आणि ते दूध मला गिळवतही नव्हतं.

एके दिवशी काकू दिसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आल्या त्या लंगडत. त्या बीडकडच्या नारायणगडावर जाऊन आल्या होत्या. गडाची चढण त्यांनी अनवाणी चढली होती, ते तसलं ऊन असताना. नवस बोलल्या होत्या. "तुझं चांगलं निघू दे म्हणलं, परत येईन म्हणलं." त्यांनी पदराच्या गाठीतला अंगारा काढला आणि माझ्या कपाळाला लावला. मग ओट्यावर बसून पाय वर घेतले. तळव्यांना फोड आले होते, एकदोन फुटले होते. मालक उठून आत निघून गेले. आत्यांनी पाणी तापवायला ठेवलं आणि काकूंचे पाय स्वतःच्या हातांनी धुतले. आत्यांनी कुणाचे पाय धुतलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. काकूंना वाटलं, सुनेसाठी केलं म्हणून ही उपकार मानते आहे. त्या संकोचून "असू दे, असू दे" म्हणत होत्या.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. आमच्यापैकी कुणीच सांगितलं नाही. एवढी परीक्षा होऊन जाऊ दे, असं तिघंही एकमेकांना नजरेनं सांगत राहिलो.

पुढच्या सोमवारी क्लासमध्ये पूर्ण पेपरचा सराव होता. मी फाट्यावर गेले, तर काकू आधीच तिथं उभ्या. धुतलेलं लुगडं, हातात पिशवी.

"आज मी येते तुझ्या संगट. एकटी काऊन जाती नेहमी? घरच्या मान्साला कुणालाच कसं वाटंना?"

"नको काकू, उन्हाचं कशाला?"

"ऊन काय मला नवं हाय का?"

एसटी आली, त्या आधी चढल्या. गाडीभर मी काहीतरी मार्ग शोधत होते. स्टँडवर उतरून त्यांना तिथंच बसवावं, तपासणीला आत एकालाच सोडतात असं सांगावं. हे सुचलं आणि एकावर दुसरं खोटं रचायला आपल्याला किती सोपं जातंय, याचीच किळस आली. आम्ही उतरलो आणि माझे पाय आपोआप सरकारी दवाखान्याकडं वळले. क्लास उलट्या दिशेला होता.

केसपेपरच्या खिडकीसमोर लांब रांग होती. मी तिच्यात उभी राहिले. काकू भिंतीकडेला फरशीवर टेकल्या. पुढची बाई खिडकीवर पोचली, आतल्या माणसानं तिला विचारलं, "काय होतंय?" तिनं सांगितलं. आता मलाही तेच विचारणार. मी रांगेतून बाहेर आले आणि काकूंसमोर उकिडवी बसले.

"काकू, मला काही झालेलं नाही."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले. "पावला गं बाई! गडावर म्या सांगितलंच होतं. ऐकलं माझं."

माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं, तर 'कावळा-फांदी'. समोर ती बाई रडत होती आणि माझ्या डोक्यानं तिच्या आनंदाला पर्याय क्रमांक लावला. त्या क्षणी मला जी लाज वाटली, तशी नंतर टँकरवरसुद्धा वाटली नाही.

"तसं नाही काकू. कधीच काही झालं नव्हतं. मी दवाखान्यात येतच नव्हते. इथं वकिलीच्या परीक्षेचा क्लास आहे, तिथं येते. पहिल्या दिवशी आत्या तसं म्हणाल्या आणि मी गप्प राहिले."

काकूंनी जोडलेले हात सोडले. लोक आमच्या बाजूनं जात-येत होते. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, "मंग पायाला फोड काऊन आणले म्या?"

मी माफ करा म्हणाले, ते त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. मला वाटलं आता त्या उठतील आणि एकट्याच स्टँडवर जातील. त्या उठल्या नाहीत. पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मी बी काय निसती तुझ्यासाठी न्हाई आले," शेवटी त्या म्हणाल्या. भिंतीकडंच बघत. "लई वरसं झाली. उसाच्या मोळ्या उचलून उचलून माझं अंग भाईर येतंय. बसता येत न्हाई धड. पोराला कसं सांगावं? सुनंला सांगायची बी लाज वाटती. म्हणलं, तू तपासायला आत जाशील, तुझ्या मागनं मी बी जाईन. तुझ्या आजारात माझा बी झाकून जाईल."

मी पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. खिडकीवर पोचले तेव्हा काकूंचं नाव सांगितलं. "काय होतंय?" आतल्या माणसानं विचारलं. "बायकांच्या डॉक्टरांना दाखवायचंय," मी म्हणाले. पर्समध्ये फोन थरथरत होता. क्लासमधून असावा, पेपर सुरू झाला असणार. मी तो बंद केला.

आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं तपासलं आणि ती काकूंवर रागावली. "आजी, इतकी वर्षं हे घेऊन मोळ्या उचलत होता? कुणाला बोलायचं नाही का?" काकू माझ्याकडं बघेनात. ऑपरेशन करावं लागेल, करता येईल, असं डॉक्टरीण म्हणाली. रक्त तपासलं, कागद झाले, पुन्हा केव्हा यायचं ते ठरलं. काकू फक्त एवढंच म्हणाल्या, "सून आल्याबिगर न्हाई." परतीच्या एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती. त्या पुढं, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

काकूंनी गावात माझं काही सांगितलं नाही. स्वतःचं मात्र त्यांना सांगावं लागलं, कारण सुनेला फोन करायचा होता. आणि त्यातून गावानं नवीनच गोष्ट तयार केली. मी स्वतः एवढी आजारी, तरी काकूंना दवाखान्यात घेऊन गेले, दिवसभर रांगेत उभी राहिले, डॉक्टरला दाखवलं. बायका घरी येऊन मला बघून गेल्या. एकीनं तर माझ्या मुलीला सांगितलं, "तुझी आई देवमाणूस हाय."

आत्या त्या दिवशी मला आत घेऊन गेल्या. "हे बघ, आता आपसूक झालंय. म्हणावं, काकूसाठीच जात होते म्हणून. समदं मिटतंय."

त्यांचं वाईट नव्हतं. त्या मला वाचवायलाच बघत होत्या. आणि अर्धा दिवस मी खरोखर विचार केला, की असं म्हणावं का.

टँकर आला. मी घागर घेऊन गेले आणि रांगेच्या शेवटी थांबले. पुढून हाका आल्या, "अगं, ये की पुढं." मी नाही म्हणाले. मग तिथूनच बोलले. आवाज इतका कापत होता की दोनदा सांगावं लागलं. मी आजारी नव्हते आणि नाही. काकूंसाठीही जात नव्हते. क्लासला जात होते.

टँकरचं पाणी सोडलेलं होतं, त्याचाच आवाज येत होता. एक म्हातारी खुदकन हसली. दुसरी म्हणाली, "बया! अन् आमी हिला दूध पाजीत होतो." मग ती कडेवर लेकरू असलेली तरणी बाई पुढं आली. ती ओरडली नाही. "त्या दिशी माझं लेकरू तापानं फणफणत होतं," ती म्हणाली. "घरात पाण्याचा थेंब न्हवता. तरी म्या तुमाला पुढं घातलं. म्हणलं, माझ्यापरीस हिला गरज हाय."

त्या दिवशी माझी घागर भरली नाही. टँकर संपला होता.

दुसऱ्या खेपेला मी घागर उचलली, तर मालकांनी ती माझ्या हातातून घेतली. इस्त्रीच्या शर्टानिशी ते जाऊन बायकांच्या रांगेच्या शेवटी उभे राहिले. पारावरून कुणीतरी ओरडलं, "काय बे, काट्यावरनं नळीवर आला का?" त्यांनी घागर पुढं सरकवली. भरून आणली, शर्ट खांद्यापर्यंत भिजला होता. त्यानंतर पाणी त्यांनीच आणलं, आणि बायका हसायच्या थांबल्या, पण माझ्याशी बोलायला लागल्या नाहीत. दूध संस्थेचं उरलंसुरलं कामकाज माझ्या घरी व्हायचं, ते दुसरीच्या ओट्यावर व्हायला लागलं. मला निरोप यायचा, सही करायला या. मी जायचे, सही करायचे, यायचे.

काकूंची सून ऊसतोड अर्धी टाकून आली. ऑपरेशन झालं, नीट झालं. सुनेला आराम मिळावा म्हणून क्लास सुटल्यावर मी दवाखान्यात जाऊन बसायचे. काकू डोळे मिटून पडायच्या. झोपलेल्या नसायच्या. मी परत निघाल्याशिवाय त्या डोळे उघडायच्या नाहीत, हे मला सुनेनंच सांगितलं, ओशाळत.

घरी आल्यावर महिनाभरानं त्यांना तपासायला बोलावलं होतं. आदल्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला, "उद्या दवाखाना हाय माझा. तुझा कलास किती वाजता असतो?" सून परत तोडीला गेली होती. आम्ही एकाच बाकावर बसलो. गाडी बरीच पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय शिकवत्यात गं तिथं?"

"माणसं बोलताना काय काय चुका करतात, ते. प्रत्येक चुकीला नाव असतं. ते ओळखायचं."

त्यांनी थोडा विचार केला. "अन् नीट बोलायला कवा शिकवत्यात?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत, त्यांनी खरंच विचारलं होतं. "ते नाही शिकवत," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

परीक्षा लातूरला झाली, संगणकावर. तर्काच्या भागात मी हळू होते. एका प्रश्नावर फार वेळ घालवला, शेवटचे काही घाईत दाबले. निकाल लागला तेव्हा तर्कात जेमतेम गुण होते, बाकीच्या भागांनी ओढून नेलं. प्रवेशाच्या शेवटच्या यादीत नाव आलं. सरांनी फोनवर अभिनंदन केलं. "मॅडम, तुम्ही सरावाचा तो पेपर चुकवला नसता तर नंबर अजून वर गेला असता," असंही म्हणाले. असेल तसं. मला नाही वाटत.

आत्यांनी बोलल्याप्रमाणे पेढे आणले आणि घरोघर नेले. मला त्यांनी सोबत चल म्हटलं, मी गेले नाही. त्या परत आल्या तेव्हा डबा पूर्ण रिकामा झाला नव्हता. कुणी घेतले, कुणी दारातूनच "असू द्या" म्हटलं. काकूंनी घेतला आणि वर एक शेळ्यांकडं बघायला आलेल्या नातेवाइकासाठी मागून घेतला. त्या तरण्या बाईच्या घरी तिची सासू होती, तिनं लेकरासाठी एक ठेवून घेतला. ती स्वतः आतून बाहेर आली नाही.

आता मी वकील म्हणून तालुक्याच्या कोर्टात जाते. ती बाई रस्त्यात भेटते. तिचं लेकरू चांगलं मोठं झालंय, शाळेत जातं, मला नमस्कार करतं. ती माझ्याशी कामापुरतं बोलते, पण पुन्हा कधी ताई म्हणाली नाही. त्यात तिचं काही चुकत नाही.